एक कायदा, दोन वचनं: मॅनिटोबातली भाषा आणि जमीन

कॅनडातला मॅनिटोबा प्रांत ज्याने निर्माण झाला तो मॅनिटोबा कायदा, १८७० हा आटोपशीर कायदा आहे. एकूण ३६ कलमं, त्यांतली बहुतेक कारभारापुरती: प्रांताच्या सीमा, सिनेटमधल्या जागा, नायब राज्यपालाचे अधिकार. दोन कलमं मात्र वेगळ्या जातकुळीची आहेत. २३ व्या कलमाने सांगितलं की प्रांताच्या विधिमंडळात आणि न्यायालयांत इंग्रजी किंवा फ्रेंच यांपैकी कोणतीही भाषा वापरता येईल आणि विधिमंडळाचे कायदे दोन्ही भाषांत छापून प्रसिद्ध केले जातील. ३१ व्या कलमाने १४ लाख एकर जमीन मेती, म्हणजे युरोपीय आणि आदिवासी अशा मिश्र वंशाच्या समाजातल्या, कुटुंबांच्या मुलांसाठी राखून ठेवली.

दोन्ही कलमं एकाच वाटाघाटीतून आली आणि दोन्ही मोडली गेली. पुढे मात्र त्यांच्या वाटा फुटल्या. भाषेचं कलम मोडलं म्हणून कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रांताने ९५ वर्षांत फक्त इंग्रजीत केलेले सगळे कायदे अवैध ठरवले. जमिनीचं कलम मोडलं म्हणून त्याच न्यायालयाने २०१३ साली एक घोषणा केली: सरकारने हे कलम राजमुकुटाच्या, म्हणजे राजाच्या नावाने चालणाऱ्या राज्यसत्तेच्या, इभ्रतीला साजेल अशा रीतीने अमलात आणलं नाही. तेवढंच. एक एकरही कोणाला परत मिळाला नाही.

सामूहिक हक्कांबद्दल बोलताना आपण बहुधा ‘हक्क कोणाचा’ या प्रश्नावर अडतो. या प्रकरणाने मला दुसऱ्याच प्रश्नाकडे नेलं: समाजाला दिलेला हक्क कागदावर कोणत्या रूपात उतरवला गेला? तिथेच बरंचसं ठरून गेलेलं दिसतं.

साखळीवर पाय

रेड रिव्हर अमेरिकेतून उत्तरेकडे वाहत येऊन विनिपेग सरोवराला मिळते. तिच्या आणि असिनिबॉइन नदीच्या संगमापाशी, आज विनिपेग शहर आहे तिथे, एकोणिसाव्या शतकात मेती लोकांची मोठी वस्ती होती. फरच्या व्यापारासाठी आलेले फ्रेंच आणि स्कॉटिश पुरुष आणि क्री, ओजिब्वे या आदिवासी समाजांतल्या स्त्रिया यांच्या संसारांतून हा समाज घडला. काही पिढ्यांत तो आईकडच्या आणि बापाकडच्या, दोन्ही गोतावळ्यांपासून वेगळा ओळखला जाऊ लागला. बायसनच्या शिकारीला शेकडो गाड्यांचा तांडा निघे. त्याचा कप्तान निवडलेला असे, शिकारीचे नियम ठरलेले असत आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा असे. फ्रेंच बोलणारे बहुतेक कॅथलिक, इंग्रजी बोलणारे बहुतेक प्रोटेस्टंट. अनेक घरांत मिशिफ बोलली जाई. तिची नामं बहुतांशी फ्रेंच आणि क्रियापदं क्री. १८७० साली वस्ती सुमारे १२ हजारांची होती आणि त्यांत ८५ टक्के मेती होते.

त्यांची जमीन नदीकाठापासून मागे सुमारे दोन मैल जाणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्यांची. त्यामागे आणखी दोन मैलांवर गवत कापायचा हक्क. प्रत्येक घराला पाणी, झाडी, शेत आणि वैरण मिळे, शिवाय शेजारी हाकेच्या अंतरावर असे. अनेकांकडे कागद नव्हता, वहिवाट होती.

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७० साली हा सगळा अफाट मुलूख हडसन्स बे कंपनीला सनदेने देऊन टाकला होता. दोनशे वर्षांनी कंपनीने तो ३ लाख पौंडांना कॅनडाच्या हवाली करायचं कबूल केलं. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. ताबा मिळण्याआधीच कॅनडा सरकारने मोजणीदार पाठवले, आणि त्यांची मोजणी चौकोनी होती. नदीकाठच्या लांब पट्ट्यांवर असे चौकोन बसवले की एकाचं शेत दोघा-तिघांच्या नावावर जाणार, हे कोणालाही कळत होतं. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी लुई रिएल आणि त्याचे सोबती मोजणीच्या साखळीवर पाय देऊन उभे राहिले आणि काम थांबलं. रिएलचं वय तेव्हा पंचविशीला टेकलेलं. माँट्रियलमध्ये शिकलेला, दोन्ही भाषा येणारा.

पुढचे सहा महिने वेगाने गेले. कॅनडाने नेमलेल्या नायब राज्यपालाला सरहद्दीवरूनच परत पाठवलं गेलं, अप्पर फोर्ट गॅरी हा कंपनीचा किल्ला ताब्यात घेतला गेला, हंगामी सरकार स्थापन झालं. इंग्रजी आणि फ्रेंच भाषकांचे प्रत्येकी २० प्रतिनिधी असलेली सभा भरली आणि हक्कांची यादी तयार झाली. विधिमंडळात आणि न्यायालयांत दोन्ही भाषा चालाव्यात, ही मागणी पहिल्या यादीपासून होती. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: फ्रेंचसाठीची ही मागणी इंग्रजी बोलणाऱ्या मेतींनीही उचलून धरली होती. तेव्हा लोकसंख्येत दोन्ही बाजू साधारण तुल्यबळ होत्या, त्यामुळे भाषेचा हक्क हा अल्पसंख्याकांवर केलेली मेहेरबानी आहे असं कोणाच्या डोक्यात आलं नसावं.

मार्च १८७० मध्ये हंगामी सरकारने टॉमस स्कॉट या कैद्याला गोळ्या घातल्या. इंग्रजी भाषकांचा ऑन्टारिओ प्रांत पेटून उठला. त्या वातावरणात फादर नोएल-जोसेफ रिचो, न्यायाधीश जॉन ब्लॅक आणि आल्फ्रेड स्कॉट हे तिघे वाटाघाटीसाठी ओटावाला गेले. रिचो आणि आल्फ्रेड स्कॉट यांना तिथे पोहोचताच अटक झाली. पुरावा नसल्याने सुटले. मग पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनाल्ड आणि त्यांचे मंत्री जॉर्ज-एतिएन कार्तिए यांच्यासमोर बसले.

मेतींना खरं तर प्रांताची सगळी जमीन प्रांताच्या हातात हवी होती, जुन्या प्रांतांकडे होती तशी. मॅकडोनाल्ड यांनी ते साफ नाकारलं. पश्चिमेकडे रेल्वे न्यायची होती, वसाहती वसवायच्या होत्या. जमीन केंद्राकडेच राहणार. (ती १९३० पर्यंत राहिली.) त्या नकाराच्या बदल्यात तडजोड म्हणून १४ लाख एकर पुढे आले. रिचो यांचा आग्रह असा की या जमिनीची निवड आणि वाटप स्थानिक विधिमंडळाने करावं, म्हणजे कुटुंबं जवळजवळ राहतील आणि जमीन बाहेरच्यांकडे जाणार नाही. तोंडी आश्वासनं मिळाली. कायद्यात मात्र उतरलं ते असं: जमीन नायब राज्यपाल निवडेल आणि केंद्र सरकार ठरवेल त्या नियमांनुसार मुलांमध्ये वाटेल.

भाषेच्या कलमात असा ‘ठरवेल त्या नियमांनुसार’ नव्हता. प्रकरणाची कळ इथे आहे.

त्या वाटाघाटीत कोण नव्हतं तेही सांगायला हवं. ओजिब्वे आणि क्री प्रमुखांना कोणी बोलावलं नाही, आणि ज्या जमिनीतून १४ लाख एकर काढून द्यायचे होते तिच्यावरचा त्यांचा हक्क तेव्हा कोणत्याही तहाने संपलेला नव्हता. त्यांच्याशी पहिला तह ऑगस्ट १८७१ मध्ये, म्हणजे कायदा लागू होऊन वर्ष उलटल्यावर झाला. मेतींवरच्या अन्यायाची गोष्ट सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो. गाळला की गोष्ट सोपी होते खरी.

१४ लाख एकरांचं काय झालं

कायदा १५ जुलै १८७० रोजी लागू झाला. ऑगस्टमध्ये कर्नल वुल्झली यांची फौज फोर्ट गॅरीला पोहोचली आणि रिएल पळून गेला. जमीन द्यायची ती मुलांना, पण पहिल्या वाटपात कुटुंबप्रमुखांनाही धरलं गेलं. प्रत्येकी १४० एकर असा हिशेब. चूक लक्षात आल्यावर ते वाटप रद्द करून पुन्हा सुरुवात. दुसऱ्या वेळी लाभार्थींची संख्या कमी धरली आणि प्रत्येकाचा वाटा १९० एकर झाला. तेही रद्द. तिसऱ्या वेळी २४० एकर. जमिनीची शेवटची कागदपत्रं हातात पडेपर्यंत १८८० उजाडलं. ज्या मुलासाठी वाटा राखला होता तो दहा वर्षांत मोठा होऊन, लग्न करून, कदाचित पश्चिमेला निघूनही गेला होता.

एवढं करूनही हिशेब चुकलाच. ९९३ मुलं यादीबाहेर राहिली. त्यांच्यासाठी जमीन उरलेली नव्हती, म्हणून १८८५ मध्ये त्यांना प्रत्येकी २४० डॉलरची स्क्रिप दिली गेली. स्क्रिप म्हणजे सरकारी जमीन विकत घेण्यासाठी वापरता येणारी चिठ्ठी. एकराला एक डॉलर या जुन्या भावाने काढलेला तो आकडा. तोवर जमिनीचे भाव वर गेले होते, त्यामुळे २४० डॉलरमध्ये २४० एकर येणं शक्यच नव्हतं.

या सगळ्यापेक्षा वाटपाच्या पद्धतीने जास्त नुकसान केलं. भूखंड सोडतीने दिले गेले. भावाचा वाटा एकीकडे, बहिणीचा मैलोन्मैल दूर. नदीकाठी वस्ती करून राहणाऱ्या समाजाला गवताळ रानात विखुरलेले चौकोन मिळाले, आणि तेही कोणाला नेमका कोणता चौकोन मिळणार हे वर्षानुवर्षं न कळता. सट्टेबाजांना आणखी काय हवं होतं? अनेकांनी आपला वाटा कुठे आहे हे कळायच्या आधीच मिळेल त्या किमतीला विकला. प्रांताच्या विधिमंडळाने वेळोवेळी कायदे करून ही विक्री कधी थोडी अडवली, पण बहुतेक वेळा सोपीच केली.

यामागे कट होता की नुसता ढिसाळपणा, यावर इतिहासकारांनी अक्षरशः दशकानुदशकं भांडण केलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कटाचा निष्कर्ष काढला नाही. वर्षानुवर्षं चाललेली बेपर्वाई आणि चुकांची मालिका असं त्याचं निदान होतं. मला विचाराल तर हा वाद काहीसा निरुपयोगी आहे. ज्या सरकारने त्याच दशकात रेल्वेची आखणी केली आणि नव्या वसाहतकाऱ्यांना जमिनी दिल्या, त्याला वेळेवर मोजणी आणि वाटप करणं जमत नव्हतं असं नाही.

परिणाम लोकसंख्येत दिसतो. ऑन्टारिओतून आणि युरोपातून वसाहतकारी येत राहिले, मेती पश्चिमेला सस्कॅचवान नदीकडे सरकत गेले. १८८६ पर्यंत मॅनिटोबाच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास उतरलं. पश्चिमेलाही मोजणीदार मागोमाग आलेच. १८८५ मध्ये बातोशला मेतींची कॅनडाच्या फौजेशी शेवटची लढाई झाली आणि त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला रिएलला रेजायनात फाशी दिली गेली. त्याआधी तो तीनदा कॅनडाच्या संसदेवर निवडून आला होता आणि एकदाही सभागृहात बसू शकला नव्हता.

एक कलम कोसळलं की दुसरं

जमिनीचं कलम आणि भाषेचं कलम यांना वकील मंडळी स्वतंत्र प्रकरणं मानतात. इतिहासात ती तशी नव्हती. जमीन हातची गेली म्हणून मेती पांगले. मेती पांगले म्हणून फ्रेंच बोलणारे अल्पसंख्य झाले. अल्पसंख्य झाले म्हणून १८९० मध्ये प्रांतप्रमुख टॉमस ग्रीनवे यांच्या सरकारला एका झटक्यात दोन गोष्टी करता आल्या. कॅथलिक शाळांचं वेगळं सरकारी अनुदानित जाळं मोडलं, आणि विधिमंडळ, न्यायालयं आणि कायदे फक्त इंग्रजीत चालतील असा कायदा केला.

हा भाषेचा कायदा करण्याचा प्रांताला अधिकारच नव्हता. मॅनिटोबा कायद्याला १८७१ मध्ये ब्रिटिश संसदेने संविधानाचा दर्जा दिला होता. सेंट बोनिफस या विनिपेगलगतच्या फ्रेंच वस्तीतल्या काउंटी न्यायालयाने १८९२ मध्येच १८९० चा कायदा प्रांताच्या अधिकाराबाहेरचा ठरवला. १९०९ मध्ये त्याच न्यायालयाने तसाच दुसरा निकाल दिला. सरकारने अपील केलं नाही, कायदाही बदलला नाही. दोन्ही निकाल बाजूला ठेवून कारभार इंग्रजीत चालू राहिला. न्यायालयात जिंकणं आणि हक्क मिळणं यांत किती अंतर असू शकतं ते पाहायला यापेक्षा चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

शाळांचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, दोनदा गेला आणि १८९६ मध्ये पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए आणि ग्रीनवे यांच्यात समझोता झाला: इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणारी किमान दहा मुलं असतील तिथे द्विभाषी शिक्षण. १९१६ मध्ये तेही संपलं. पुढे अर्धं शतक अनेक फ्रेंच गावांतल्या शाळांत शिक्षक चोरून फ्रेंच शिकवत. निरीक्षक आला की पुस्तकं लपवली जात. फ्रेंच हे शिक्षणाचं माध्यम म्हणून कायद्याने परत आलं ते १९७० मध्ये.

पार्किंगचा दंड

सेंट बोनिफसमधले विमा एजंट जॉर्ज फॉरेस्ट यांना १९७० च्या दशकाच्या मध्यात पार्किंगचा दंड झाला. दंडाचा कागद फक्त इंग्रजीत होता. पाच डॉलर भरून मोकळं होण्याऐवजी त्यांनी १८९० च्या कायद्यालाच आव्हान दिलं. डिसेंबर १९७६ मध्ये काउंटी न्यायालय त्यांच्या बाजूने लागलं. प्रांताच्या महाधिवक्त्यांचा पवित्रा असा की निकाल आम्हाला मान्य नाही, पण तो अपील करण्याएवढा महत्त्वाचाही नाही. म्हणजे १८९२ चाच प्रयोग पुन्हा. या वेळी मात्र फॉरेस्ट थांबले नाहीत. १३ डिसेंबर १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १८९० चा कायदा रद्दबातल ठरवला. योगायोग नव्हे, पण त्याच दिवशी न्यायालयाने क्यूबेकच्या भाषा कायद्यातली, विधिमंडळात आणि न्यायालयांत फ्रेंचलाच अधिकृत ठरवणारी कलमंही रद्द केली. दोन प्रांत, दोन उलट्या दिशा, एकच तत्त्व.

मग खरा प्रश्न पुढे आला. १८९० चा कायदा गेला. पण त्या कायद्याच्या भरवशावर ९० वर्षं फक्त इंग्रजीत केलेल्या बाकीच्या कायद्यांचं काय? रोजे बिलोदो या कायद्याच्या विद्यार्थ्याने वाहनाच्या वेगमर्यादेच्या दंडाविरुद्ध हाच मुद्दा काढला. सरकारने आणि फ्रेंच भाषकांच्या संघटनेने वाटाघाटी करून १९८३ मध्ये तोडगा आणला: जुने सगळे कायदे भाषांतरित करण्याऐवजी निवडकच करायचे, त्या बदल्यात सरकारी कचेऱ्यांत फ्रेंचमधून सेवा मिळेल. व्यवहारी तोडगा होता. फ्रेंच भाषकांना मृत कायद्यांच्या फ्रेंच प्रतींपेक्षा दवाखान्यात फ्रेंच बोलणारी परिचारिका जास्त उपयोगाची होती. पण प्रांतभर विरोध उसळला. विनिपेगसह अनेक ठिकाणी जनमत घेतलं गेलं आणि मोठ्या बहुमताने विरोधात लागलं, संघटनेच्या कार्यालयाला आग लावली गेली. मतदानासाठी घंटा वाजायची आणि विरोधी पक्ष सभागृहात यायचाच नाही. असं दिवसेंदिवस चाललं. शेवटी फेब्रुवारी १९८४ मध्ये सत्र गुंडाळावं लागलं.

मतदारांनी नाकारलेलं न्यायालयाकडे गेलं आणि तिथून जास्त कडक होऊन परत आलं. १३ जून १९८५ च्या निकालात न्यायालय एकमुखाने म्हणालं की २३ व्या कलमातली ‘छापून प्रसिद्ध करावेत’ ही आज्ञा आहे, सूचना नाही. ती न पाळता केलेला प्रत्येक कायदा अवैध आहे. पण हे शब्दशः लागू केलं तर मॅनिटोबात कायदाच उरणार नव्हता. ज्या कायद्याने निवडणूक झाली तो अवैध, म्हणून विधिमंडळ अवैध, म्हणून चूक दुरुस्त करायलाही कोणी नाही. यातून न्यायालयाने वाट काढली: कायद्याचं राज्य हेही संविधानाचंच तत्त्व, म्हणून भाषांतर, छपाई आणि पुनर्मंजुरीला लागेल तेवढा किमान काळ हे कायदे तात्पुरते वैध समजले जातील. नोव्हेंबरमध्ये मुदती ठरल्या: चालू कायद्यांसाठी १९८८ अखेर, उरलेल्यांसाठी १९९० अखेर. भाषांतरकार कामाला लागले.

बिलोदो स्वतः मात्र हरले. १९८६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की समन्स द्विभाषी असलंच पाहिजे असं २३ वं कलम म्हणत नाही. थोडक्यात, ज्या प्रकारच्या कागदावरून हे सगळं सुरू झालं, तो कागद इंग्रजीतच असला तरी चालणार होता.

३२ वर्षांचा दावा

मेतींना न्यायालयात पोहोचायलाच वेळ लागला. १८८५ नंतर मेती असणं लपवण्याची गोष्ट झाली होती. अनेक कुटुंबं नियोजित रस्त्यांसाठी सोडलेल्या सरकारी पट्ट्यांवर खोपटी बांधून राहत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मॅनिटोबातलं सेंट मॅडलीन हे मेती गाव सामाईक चराईसाठी रिकामं करून जाळलं गेलं. १९६७ मध्ये मॅनिटोबा मेती फेडरेशन स्थापन झालं, १९८१ मध्ये त्याने ३१ व्या कलमाबद्दल दावा दाखल केला. पुढच्याच वर्षी नव्या संविधानाच्या ३५ व्या कलमात ‘आदिवासी समाज’ या संज्ञेत मेतींचं नाव स्पष्टपणे आलं.

दावा चालवायचा की नाही याचाच वाद १९९० पर्यंत चालला. मूळ न्यायालयात २००७ मध्ये हार, अपिलात २०१० मध्ये हार. ८ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध दोन मतांनी विजय, आणि त्या विजयाचं स्वरूप मी सुरुवातीला सांगितलंच.

निकालाच्या पोटात एक गाठ आहे. फेडरेशनचं म्हणणं होतं की सरकार विश्वस्त होतं आणि विश्वस्ताने विश्वासघात केला. बहुमताने ते मानलं नाही. विश्वस्ताचं नातं लागायला समाजाचा जमिनीवर सामूहिक हक्क आधी सिद्ध व्हावा लागतो. मेतींच्या जमिनी तर घराघराच्या नावाने होत्या, विकल्या-घेतल्या जात होत्या, आणि ३१ वं कलमही मुलांना वैयक्तिक वाटे देतं. म्हणजे चिंचोळे पट्टे ही वैयक्तिक मालकी झाली. त्यांच्या मागचं सामाईक गवत, शेजार, नदी यांचा समाजाने मिळून उभा केलेला मेळ कायद्याच्या नजरेत भरला नाही. आणि तरीही त्याच बहुमताने सांगितलं की हे वचन एका समाजाशी समेट करण्यासाठी दिलं होतं, म्हणून ते पाळणं हा राजमुकुटाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे आणि तो मांडायला फेडरेशनसारखी सामूहिक संस्था योग्य आहे. दावा करणारा समाज सामूहिक, वचन सामूहिक, फक्त वस्तू वैयक्तिक. असहमत दोन न्यायाधीशांना काळजी होती ती मुदतीची: दीडशे वर्षांपूर्वीचे व्यवहार उकरायचे तर थांबायचं कुठे? बहुमताचं उत्तर असं की सरकारचं वागणं संविधानाला धरून होतं की नाही एवढीच घोषणा मागितली असेल तर मुदतीचा कायदा आड येत नाही. घोषणेपुरतं. मोबदल्याचं त्याला लागू नाही.

आता दोन्ही कलमं शेजारी ठेवून पाहू. २३ वं कलम दर अधिवेशनात नव्याने मोडलं जात होतं. प्रत्येक नवा इंग्रजी कायदा म्हणजे नवा भंग, त्यामुळे तक्रार कधी शिळी झाली नाही. पाच डॉलरचा दंड झालेला कोणीही एकटा माणूस ती करू शकत होता आणि एकट्याच्या निकालाने सगळ्या समाजाला हक्क मिळत होता. दुरुस्तीही ठरलेली: भाषांतर करा, छापा. पैसे आणि माणसं लागतात, पण कोणाचं घर हलवावं लागत नाही. ३१ वं कलम एकदाच अमलात यायचं होतं. ते चुकीच्या रीतीने अमलात आलं की जमीन हजारो तुकड्यांनी हजारो नव्या मालकांकडे गेली, आणि आज तिच्यावर विनिपेगची उपनगरं आहेत. जो हक्क समाजाने वापरत राहायचा असतो तो उशिराने का होईना वाचतो. जो वाटून टाकायचा असतो तो वाटला की गेला.

आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्यात याचं भान दिसतं. त्याखालचा हक्क वारसाने मिळतो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, आणि सामूहिक दावा ग्रामसभेच्या नावाने होतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर असा हक्क मिळाला. रिचो १८७० मध्ये ओटावाला जाऊन मागत होते ते साधारण या जातीचं काहीतरी होतं. मिळाली ती सोडत.

समाजात कोण मोडतं

सामूहिक हक्क म्हटला की हा प्रश्न येतोच, आणि इथेही दोन बाजूंची उत्तरं वेगळी निघाली. फ्रेंच भाषकांनी दार रुंद केलं. प्रांताच्या २०१६ च्या कायद्यात फ्रेंच भाषक समाजात मातृभाषा फ्रेंच असलेले तर येतातच, शिवाय फ्रेंचशी जवळीक असलेले आणि ती रोजच्या जगण्यात वापरणारेही येतात. आफ्रिकेतून आलेली कुटुंबं, इंग्रजी घरांतली पण फ्रेंच शाळेत शिकलेली मुलं, सगळी. भाषेला माणसं वाढली तर चालतात, किंबहुना हवीच असतात.

मेतींना दार अरुंद ठेवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या पाउली निकालाने तीन निकष दिले: स्वतःची ओळख मेती म्हणून असणं, ऐतिहासिक मेती समाजाशी वंशाचं नातं असणं, आणि आजच्या समाजाने आपलं म्हणणं. या निकषांवरून मेती संघटनांमध्येच फूट पडली. ऑन्टारिओतल्या काही समूहांना मेती म्हणायचं का या वादात मॅनिटोबाचं फेडरेशन २०२१ मध्ये मेतींच्या राष्ट्रीय परिषदेतून बाहेर पडलं. शिकारीचा, जमिनीचा, स्वशासनाचा हक्क असला की दावेदार वाढणं परवडत नाही. कटू वाटेल, पण तसं आहे.

मिशिफला यांतल्या कोणत्याच दारातून प्रवेश नव्हता. २३ वं कलम ज्यांच्या लढ्याने आलं त्यांच्या घरची भाषा त्या कलमात नाही. क्री नाही, ओजिब्वे नाही. १८७० मध्ये कोणी ती मागितली नाही, कारण मेती पुढारी सरकारशी फ्रेंचमध्येच बोलत होते आणि लिखापढीची भाषा तीच होती. फ्रेंचसाठी आज मॅनिटोबात स्वतंत्र शाळा मंडळ आहे, १९९४ पासून. मिशिफ बोलणारे फार थोडे उरले आहेत आणि बहुतेक वयस्कर आहेत. केंद्राने आदिवासी भाषांसाठी कायदा केला तो २०१९ मध्ये. त्यात निधी आहे, आयुक्त आहे. पण न पाळल्यास कायदे अवैध ठरवणारी २३ व्या कलमासारखी आज्ञा नाही.

आजची स्थिती

२०१३ च्या घोषणेनंतर केंद्र सरकार आणि फेडरेशन वाटाघाटीला बसले. २०१६ मध्ये चर्चेची चौकट ठरली, २०१८ मध्ये केंद्राने सुमारे १५ कोटी ४० लाख डॉलर जाहीर केले, २०२१ मध्ये स्वशासनाला मान्यता देणारा समझोता झाला. दरम्यान प्रांतात वॅब किन्यू हे ओजिब्वे समाजातून आलेले पहिले प्रांतप्रमुख झाले आणि त्यांच्या सरकारने २०२३ मध्ये कायदा करून लुई रिएलला मॅनिटोबाचा पहिला प्रांतप्रमुख हा मान दिला. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी विनिपेगमध्ये रेड रिव्हर मेती आणि कॅनडा यांच्यात तह झाला. त्याने फेडरेशनला मेतींचं सरकार म्हणून मान्यता दिली आहे: सदस्यत्व, निवडणुका, अंतर्गत कारभार यांबद्दल कायदे करण्याचा अधिकार. तो अमलात यायला संसदेचा कायदा लागतो. तह स्वशासनाचा आहे. १४ लाख एकरांचा हिशेब त्यात नाही.